जनुकात नसलेली शेपटी

श्रोतेहो, नमस्कार.

घरी पाव करताना कोमट पाण्यात थोडी साखर घालून आपण चमचाभर यीस्ट भिजवतो. दहा मिनिटांत वर फेस धरतो. त्या फेसाखालची एकेक पेशी मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी असते, पण तिच्यात सुमारे 6000 जनुकं असतात. जनुक वाचून त्याची जी नक्कल निघते, ती संदेशवाहक आरएनए. तिच्यावरूनच पेशी प्रथिनं बनवते. आज मला बोलायचंय ते या नकलेच्या शेवटच्या टोकाबद्दल.

शिवणाऱ्याला ठाऊक असतं, दोऱ्याच्या टोकाला गाठ नसेल तर टाका उसवतो. आरएनएचंही तसंच. टोक उघडं राहिलं, तर पेशीतली आरएनए खाणारी प्रथिनं त्याचा फडशा पाडतात. म्हणून ही गाठ मारायला यीस्टमध्ये वीसेक प्रथिनांची फौज असते.

नक्कल काढणारं यंत्र जनुक संपलं तरी थांबत नाही, पुढे लिहीतच सुटतं. मग एचआरपी-1 नावाचं प्रथिन आरएनएवरची यूएयूएयूए ही सहा अक्षरं हेरून तिथे चिकटतं. आरएनए-14 आणि आरएनए-15 ही जोडी (नावात आरएनए असलं तरी ही प्रथिनंच) नेमकी जागा धरून देते. आणि कापतं वायएसएच-1. त्याच्या पोटात जस्ताचे दोन अणू असतात, तीच त्याच्या कात्रीची धार. कापलेल्या टोकाला लगेच पॅप-1 भिडतं आणि ए, ए, ए अशी एकाच अक्षराची माळ ओवत जातं. यीस्टमध्ये साधारण 60 ते 90 अक्षरं, माणसात 200 च्या घरात. ही शेपटी डीएनएत कुठेही लिहिलेली नाही! मला याचं नवल आजही वाटतं. जनुकाचं अक्षर न् अक्षर वाचलंत तरी ती सापडणार नाही. प्रत्येक नकलेला ती नव्याने जोडावी लागते.

पलीकडे उरलेल्या तुकड्याचं काय? रॅट-1 हे प्रथिन त्याचं टोक पकडून तो खात खात पुढे धावतं, यंत्राला गाठतं, आणि तेव्हा कुठे ते यंत्र डीएनएवरून उतरतं.

आरएनए-14 आणि आरएनए-15 हाती लागली ती बिघाडातून. जनुकांत बदल झालेल्या काही यीस्टपेशी थंडाव्यात नीट वाढत, पण 37 अंशांवर नेल्या की त्यांच्या शेपट्या आखूड होत आणि संदेश भराभर नष्ट होत. ही प्रथिनं कापाकापीच्या फौजेतलीच आहेत, हे 1994 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये वॉल्टर केलर यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं.

आपल्या पेशींतही याच प्रथिनांची भावंडं आहेत. कुठे कापायचं, ही खूण माणसात बहुतेकदा एएयूएएए अशी असते. 1983 साली डग्लस हिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अल्फा थॅलसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या एका प्रकारात तिथे शेवटच्या ए च्या जागी जी आढळला. हिमोग्लोबिन बनवण्याची कृती पूर्ण शाबूत होती. बदललं होतं फक्त शेवटच्या खुणेतलं एक अक्षर, आणि तेवढ्याने रक्त अशक्त झालं.

आता पुन्हा आपल्या वाटीकडे येऊ. शेपटीवर पॅब-1 प्रथिनं मण्यांसारखी बसलेली असतात. संदेश वापरात असताना सीसीआर-4 आणि त्याचे सोबती शेपटी मागून कुरतडत असतात. ती फारच आखूड झाली, की दुसऱ्या टोकाला जपणारी टोपी काढली जाते आणि एक्सआरएन-1 त्या बाजूने संदेश संपवून टाकतं. उपाशी यीस्टजवळ स्वतः साखर तयार करण्याचे संदेश असतात. बाहेरून साखर मिळाली, की त्या संदेशांची गरज सरते, आणि फेस वर येईपर्यंत ते मोडीत निघालेलेही असतात.