बातमी, आभाळ आणि कोरडे मोजे

नमस्कार मंडळी. निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, 'बातम्या, प्रवास आणि रोजची सुखं'. हा विषय मीच सुचवला, कारण एक प्रश्न बरीच वर्षं माझा पिच्छा सोडत नाही. सकाळी उठून आपण युद्धाच्या, पुराच्या, भूकंपाच्या बातम्या वाचतो आणि संध्याकाळी वाऱ्यावर फिरायला जातो. वारा छान असतो आणि तो छान वाटल्याबद्दलच आतून टोचणी लागते. जग जळत असताना आपल्याला बरं वाटण्याचा हक्क आहे का? या प्रश्नाचं उत्तर मला एका विमानतळावर सापडलं. ती गोष्ट आधी सांगते आणि मग मुद्द्यावर येते.

एप्रिल २०१०. तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल, युरोपातली विमानं जवळजवळ आठवडाभर बंद पडली होती. आइसलँडच्या दक्षिणेला एक ज्वालामुखी आहे, एयाफ्यातलायोकुल. हळू म्हणा, दोनदा म्हणा, जमतं. मी ते नाव पाठ करून ठेवलंय. ज्यानं पाच दिवस अडकवून ठेवलं त्याचं नाव तरी नीट घेता यायला हवं, नाही का?

त्याच्या डोक्यावर बर्फाचा जाड थर आहे. १४ एप्रिलला त्या बर्फाखाली उद्रेक झाला. बर्फ वितळून झालेलं पाणी तापलेल्या लाव्ह्यावर आलं की लाव्हा क्षणात थिजतो आणि त्याचा भुगा होतो, काचेच्या पुडीसारखा. ही राख आभाळात कित्येक किलोमीटर उंच जाते आणि वारा नेईल तिकडे वाहते. विमानाच्या इंजिनात ती गेली तर तिथल्या उष्णतेनं वितळते आणि आतल्या पात्यांवर चिकटून बसते. १९८२ साली जावा बेटाजवळ एका ब्रिटिश जंबो विमानाची चारही इंजिनं अशीच बंद पडली होती. रात्रीची वेळ, खाली समुद्र, आणि एवढं मोठं विमान इंजिनाशिवाय घरंगळत खाली येतंय. राखेतून बाहेर पडल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि सगळे सुखरूप जकार्ताला उतरले. त्यामुळे २०१० साली विमानं थांबवली याबद्दल मला काडीचाही राग नव्हता. सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली, कोटीभर लोक अडकले, त्यांतली मी एक.

मी विमान बदलण्यासाठी एका मोठ्या विमानतळावर उतरले होते. माझ्याकडे त्या देशाचा व्हिसा नव्हता, म्हणजे दाराबाहेर पाऊल टाकता येणार नव्हतं. आम्ही असे शेकडो जण होतो. एका लांबलचक दालनात आम्हाला घडीच्या खाटा मांडून दिल्या, प्रत्येकाला एक राखाडी ब्लँकेट. एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काचेची भिंत. दुसऱ्या बाजूला टीव्ही, चोवीस तास बातम्या.

त्या टीव्हीबद्दल मला बोलायचंय. त्यावर युरोपचा नकाशा होता आणि त्यावर काळसर डाग सरकत होता. दर काही मिनिटांनी 'ताजी बातमी' अशी पट्टी यायची, आम्ही सगळे उठून उभे राहायचो, आणि बातमी मघाचीच असायची. मी पहिले दोन दिवस त्या पडद्यासमोरून हलले नाही. झोपेतून उठून बघायचे. डोळे चुरचुरायचे, मान आखडायची, आणि दोन दिवसांनी मला जेवढं कळलं होतं ते पहिल्या पंधरा मिनिटांतच कळलं होतं! मंडळी, ही तक्रार मी तेव्हापासून जपून ठेवली आहे. माणसाला बातमी हवी असते. पण बातमी नसतानाही ती असल्यासारखं दाखवत राहिलं, की माणसाचा जीव नुसता टांगणीला लागतो, हाती काही पडत नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या. सत्तरीच्या असतील. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना नाही. त्या टीव्हीकडे दिवसातून एकदाच जायच्या, सकाळी, चष्मा लावून. पट्टी वाचायच्या, मान हलवायच्या आणि परत यायच्या. मग ब्लँकेटची घडी घालायच्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून, वरून तळहात फिरवून. बूट खाटेखाली जोडीनं ठेवायच्या, टाचा भिंतीकडे. रात्री मोजे धुऊन बॅगेच्या हँडलवर वाळत घालायच्या आणि सकाळी ते कोरडे झालेत का ते गालाला लावून बघायच्या. कोरडे निघाले की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं ते मला आजही जसंच्या तसं दिसतं. तिसऱ्या दिवशी मीही माझे मोजे धुतले. चौथ्या दिवशी सकाळी कोरडे मोजे पायात चढवले. काय सांगू तुम्हाला! आयुष्यात एवढी मोठी चैन मी क्वचितच केली असेल.

त्याच चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या दंडाला हात लावला आणि काचेबाहेर बोट दाखवलं. मला आधी काही कळेना. बाहेर काहीच नव्हतं, निळंभोर आभाळ होतं. मग लक्षात आलं. काहीच नव्हतं, हेच त्या दाखवत होत्या. विमानांच्या मागे उमटणारी एकही पांढरी रेघ त्या आभाळात नव्हती. त्या गजबजलेल्या आभाळात असं दृश्य पुन्हा कधी दिसणार? टीव्हीवर तेच आभाळ काळवंडलेलं होतं आणि काचेबाहेर ते धुतल्यासारखं स्वच्छ. दोन्ही खरं होतं. राख फार उंचावर आणि फार विरळ होती, डोळ्यांना दिसत नव्हती.

परत आल्यावर मी ज्वालामुखींबद्दल मिळेल ते वाचत सुटले. थोडं सांगते, राहवत नाही. १८१५ च्या एप्रिलमध्ये आजच्या इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावर तांबोरा फुटला. लिखित इतिहासातला सर्वांत मोठा उद्रेक मानतात त्याला. तेव्हा तार नव्हती, बातमी जहाजानं युरोपात पोचायला महिने लागले. पुढच्या वर्षी, १८१६ साली, युरोपात आणि उत्तर अमेरिकेत उन्हाळा असा आलाच नाही. अमेरिकेच्या ईशान्येला जूनमध्ये बर्फ पडला, पिकं गेली, लोक उपाशी राहिले. रोज डोळ्यांसमोर अंधारलेलं आभाळ होतं, पण कारण कुणाला ठाऊक नव्हतं. ते उमगायला पुढे जवळपास शंभर वर्षं गेली.

आणि १८८३ च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियातलाच क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, तोवर समुद्राखालून तारा टाकून झाल्या होत्या. बातमी जगभर काही तासांत पसरली. छत्तीस हजारांवर माणसं गेली, बहुतेक त्सुनामीच्या लाटांत. आवाज हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर, सुमारे ४,८०० किलोमीटरवर ऐकू गेला. पुढे कित्येक महिने जगभर सूर्यास्त इतके लाल होत होते, की न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावात कुठे तरी मोठी आग लागलीय असं समजून लोकांनी बंब बोलावले. तांबोराच्या वेळी आभाळ दिसत होतं, बातमी नव्हती. क्राकाटोआच्या वेळी दोन्ही होतं. मी मात्र त्या दालनात पहिले दोन दिवस आभाळाकडे पाठ करून बसले होते...

चिठ्ठी आलीय. सात मिनिटं उरली म्हणतात, आणि मुद्दा तर अजून बाकीच आहे. भराभर सांगते.

युद्ध किंवा पूर माणसाकडून नेमकं काय हिरावून घेतो? आपण आकडे वाचतो, इतकी घरं, इतके विस्थापित. पण जे जातं ते रोजचं असतं. स्वतःच्या अंथरुणावरची झोप, दार आतून लावता येणं, कोरडे कपडे, संध्याकाळी कुठलंही काम नसताना मारलेला फेरफटका. ज्याला स्वतःच्या कोरड्या मोज्यांचं सुख कळत नाही, त्याला छावणीतल्या माणसाच्या ओल्या पायांचं दुःख कसं कळणार? मला कळलं ते जेमतेम पाच दिवसांचं, आणि घरी पोचायची खात्री होती म्हणून सुसह्य. पण तेव्हापासून विस्थापितांची बातमी मी वेगळी वाचते. आपलं सुख चोरीचा माल नाही. दुसऱ्याचं काय गेलं ते मोजायला आपल्याकडे तेवढंच एक माप आहे.

प्रवासाचंही तेच. बातमीत एखादा देश म्हणजे एक डाग असतो. तिथे जाऊन आलात की त्या डागात दोरीवरचे कपडे दिसतात, शाळा सुटल्यावरचा गलका ऐकू येतो. जाणं जमलं नाही तरी निदान एवढं विचारावं, की ही बातमी आणखी कुठवर पोचली असेल? त्याच आठवड्यात केनियात खुडलेली फुलं विमानांअभावी सडत होती आणि हजारो मजुरांना घरी बसावं लागलं होतं. आमच्या टीव्हीवर पाच दिवस फक्त नकाशा.

म्हणून मी आता बातम्या सकाळी एकदाच वाचते, चष्मा लावून, पूर्ण. जिथे हातभार लावता येईल तिथे लावते. मग खिडकीशी जाते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी काचेबाहेर पहिली पांढरी रेघ उमटली. अख्ख्या दालनानं टाळ्या वाजवल्या, काही जण रडले. शेजारच्या बाईंनीही टाळ्या वाजवल्या. त्यांचं विमान माझ्या आधी होतं. जाताना त्यांनी ब्लँकेटची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि रिकाम्या खाटेच्या बरोबर मधोमध ठेवली.