काही करत नाही तो!

(दृश्य: लिफ्टचं अर्धं उघडलेलं दार. बाहेर ताणलेला पट्टा.)

वरळीतली एक इमारत. फेब्रुवारी 2018. लिफ्ट खाली येते आहे. आत एक गृहस्थ आणि त्यांचा दीड वर्षांचा मुलगा. मधल्या एका मजल्यावर लिफ्ट थांबते. दारात शेजारी उभा. त्याच्या हातात पट्टा, पट्ट्याला हस्की जातीचा कुत्रा. वडील म्हणतात, जरा थांबा, मुलगा कुत्र्याला घाबरतो. शेजारी थांबत नाही. तो कुत्र्याला ओढून आत घेतो. आणि कुत्रा वडिलांच्या हाताला चावतो.

लिफ्टमधल्या कॅमेऱ्याने हे सगळं टिपलं. तरी निकाल लागायला 7 वर्षं गेली. मे 2025 मध्ये मुंबईच्या न्यायालयाने त्या मालकाला 4 महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. निकालातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मालकाने कुत्र्याला निर्दयपणे ओढत आत आणलं, आपल्या स्वतःच्या प्राण्याचीही त्याने काळजी घेतली नाही, हे न्यायालयाने नोंदवलं.

म्हणजे त्या दारात ‘नको’ म्हणणारे दोघं होते. एक तोंडाने म्हणत होता, दुसरा पाय रोवून. ऐकलं कोणाचंच गेलं नाही.

(दृश्य: सोसायटीचं आवार, संध्याकाळ. मुलं सायकली चालवताहेत. पट्ट्यांना बांधलेली दोन-तीन कुत्री.)

आपल्याकडे कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य असतं. काही करत नाही तो! मीही ते अनेकदा म्हटलं आहे. समोरची बाई भिंतीला चिकटून उभी असते, पर्स छातीशी धरलेली, आणि आपण हसत हसत म्हणतो, अहो, काही करत नाही तो. वास घेतोय फक्त. खेळतोय तो. तुम्ही घाबरू नका म्हणजे झालं. हे शेवटचं वाक्य तर फारच वाईट. कुत्रा आपला, पट्टा आपल्या हातात, आणि सावध राहायचं मात्र त्या बाईने!

नेपियन सी रोडवर, मे 2010 मध्ये, एका गाडीशेजारी दोन नातेवाइकांचं भांडण चालू होतं. मालमत्तेचा वाद. गाडीत रॉटवायलर होता आणि बाहेर येण्यासाठी भुंकत होता. समोरचे गृहस्थ 72 वर्षांचे. त्यांनी विनंती केली, दार उघडू नका. दार उघडलं गेलं. कुत्रा थेट त्यांच्यावर धावला आणि चावला. 2023 मध्ये, म्हणजे जवळजवळ 13 वर्षांनी, गिरगावच्या न्यायालयाने मालकाला 3 महिन्यांची शिक्षा दिली.

दोन घटनांमध्ये 8 वर्षांचं अंतर. कुत्र्यांच्या जाती वेगळ्या, माणसं वेगळी. पण दोन्हीकडे कोणीतरी आधी सांगितलं होतं. चावा पडण्याआधी एक क्षण मालकाच्या हातात होता, आणि त्या क्षणी मालकाने काय केलं, एवढंच न्यायालयाने तपासलं.

त्यासाठी कोणताही नवा कायदा करावा लागला नाही. 1860 च्या भारतीय दंड संहितेतच, कलम 289 मध्ये, हे लिहून ठेवलं होतं. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून कोणाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असेल, तर तो टाळण्यापुरती व्यवस्था ठेवणं हे त्या माणसाचं काम आहे. जाणूनबुजून ठेवली नाही तरी गुन्हा, निष्काळजीपणाने राहिली तरी गुन्हा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तेच कलम 291 झालं. कैदेची मुदत पूर्वीइतकीच, 6 महिन्यांपर्यंत. दंडाची मर्यादा मात्र 1000 रुपयांवरून 5000 वर गेली.

या कलमातले ‘ताब्यातल्या’ आणि ‘संभवत असेल’ हे दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात. कुत्रा पाळणारा माणूस आपल्या कुत्र्याला ओळखतो. त्याला काय आवडत नाही, कोणावर तो गुरगुरतो, सायकल दिसली की त्याचे कान कसे टवकारतात, हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतं. मालकाला असतं. म्हणून ‘असं करेल असं वाटलं नव्हतं’ हे उत्तर पुरेसं होत नाही.

(दृश्य: वर्तमानपत्रांतली कात्रणं. जुने मथळे.)

जुलै 2022. लखनौमध्ये 82 वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचा घरातल्याच पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला. देश हादरला. त्याच वर्षी कानपूर महापालिकेने पिटबुल आणि रॉटवायलरवर, तर गाझियाबाद महापालिकेने या दोन्हींसह डोगो अर्जेंटिनो या जातीवरही बंदी घातली. 12 मार्च 2024 ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवलं. 23 प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, आणि ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांनी नसबंदी करून घ्यावी. महिनाभरातच कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, कारण ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार होता त्यांचं म्हणणंच ऐकलं गेलं नव्हतं. मग सरकारने लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या.

यादीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं एक म्हणणं मला मान्य आहे. पिटबुलचा किंवा रॉटवायलरचा चावा आणि पॉमेरेनियनचा चावा सारखा नसतो. पूर्ण वाढलेला रॉटवायलर 50 किलोच्या आसपास भरतो. तो चुकला तर त्याची किंमत वेगळीच मोजावी लागते. म्हणून असा कुत्रा कोणी पाळावा, कुठे पाळावा, यावर कडक अटी हव्यातच.

पण त्या 23 नावांत हस्की नव्हता. वरळीच्या लिफ्टमधला तो कुत्रा त्या धोकादायक यादीत बसत नाही.

इंग्लंडने हा मार्ग आपल्या खूप आधी धरला. 1991 मध्ये तिथे धोकादायक कुत्र्यांचा कायदा झाला आणि पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी आली. तीस वर्षं गेली. दरम्यान एक्सएल बुली नावाचा आणखी थोराड कुत्रा लोकप्रिय झाला. तो यादीत नव्हता. माणसं मेली, मग 1 फेब्रुवारी 2024 पासून सवलतीच्या प्रमाणपत्राशिवाय तो बाळगणंही गुन्हा ठरलं. यादी नेहमी एक पाऊल मागेच राहते. त्याच कायद्यातलं कलम 3 मात्र कोणत्याही जातीला लागू आहे. कुत्रा धोकादायकरीत्या ताब्याबाहेर गेला तर मालक जबाबदार, आणि त्यात माणूस दगावला तर 14 वर्षांपर्यंत कैद. आपण त्यांच्याकडून काही घ्यायचंच असेल, तर हे घ्यावं.

2022 मध्ये अमेरिकेत 18 हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास झाला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीमुळे पडणारा वाटा सुमारे 9 टक्के निघाला. उरलेलं कुठून येतं?

(दृश्य: पिंजऱ्यातली पिल्लं. मग एका बंगल्याचं फाटक, ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी.)

बरंचसं इथून येतं. पिल्लू साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत जग शिकतं. माणसं किती प्रकारची असतात, लहान मूल रडतं तेव्हा कसा आवाज येतो, कुकरची शिट्टी, फटाके, काठी टेकत चालणारे आजोबा. याच दिवसांत आईच्या आणि भावंडांच्या अंगावर खेळताना त्याला कळतं की दात किती लावायचे. 2017 च्या नियमांनुसार 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तरी मोबाईलवर फोटो पाहून, अजून नीट डोळे न स्थिरावलेलं पिल्लू विकत घेणारे आपल्या ओळखीत निघतातच. किती आठवड्यांचं आहे, आई कुठे आहे, हे दोन प्रश्नसुद्धा विचारले जात नाहीत.

पुढे ते मोठं होतं. बंगल्याच्या मागे साखळीला बांधलं जातं. दिवसा येणारा-जाणारा दिसू नये, म्हणजे रात्री जास्त तिखट होईल, असा समज. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा सांगतो की कायम साखळीत किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर ती क्रूरता आहे. असा कुत्रा राखण करत नाही. तो नुसता तापत राहतो. आणि एक दिवस साखळी सुटते, फाटक उघडं राहतं, समोर पेपर टाकणारा मुलगा असतो.

किंवा मग फिरवायचं काम दुसऱ्यावर सोपवलं जातं. घरात कामाला ठेवलेल्या 45 किलोच्या पोराच्या हातात त्याच्याहून वजनदार कुत्रा. पट्ट्याने कोणी कोणाला धरलं आहे, हे रस्त्यावर उभं राहून पाहा.

(दृश्य: कुत्र्याच्या चेहऱ्याचे जवळून घेतलेले फोटो. हळू गतीत.)

‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती लहान मुलांना शिकवू नका. भुंकणाराही चावतो. पण बहुतेक कुत्री चावण्याआधी सांगतात. तोंड फिरवतात, ओठ चाटतात, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागतो. अंग ताठ होतं. शेपूट हलत असली तरी ती ताठ आणि उंच असते, आणि ती हलणं आनंदाचं नसतं. मग गुरगुर. गुरगुरला म्हणून मालक त्याला चपला मारतो, आणि कुत्रा एकच धडा घेतो: गुरगुरायचं नाही. पुढच्या वेळी तो गुरगुरत नाही. सरळ चावतो. लोक म्हणतात, काहीच कारण नसताना चावला.

चावलाच, तर आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. मग लगेच दवाखाना आणि लशीचे सगळे डोस, खोल जखम असेल तर जखमेत द्यायचं सीरमही. कुत्रा घरचा आहे, लस टोचलेला आहे, म्हणून डॉक्टरांकडे जाणं टाळू नये. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. मालकाने त्याच दिवशी कुत्र्याच्या लसीकरणाचा दाखला ज्याला चावा झाला त्याच्या घरी नेऊन द्यावा आणि पुढचे 10 दिवस कुत्र्यावर नजर ठेवावी. दाखला मागायला त्या घरच्यांनी आपल्या दारात यावं लागू नये.

(दृश्य: मानखुर्द. रस्त्याकडेला उभी रिक्षा.)

जुलै 2025. मानखुर्द. उभ्या रिक्षात 11 वर्षांचा एक मुलगा खेळत होता. एका माणसाने त्याच्या अंगावर पिटबुल सोडला. कुत्रा मुलाच्या हनुवटीला चावला, मुलगा धडपडत पळाला, कुत्रा मागे. आणि मालक हसत होता. आजूबाजूचे पाहत होते, कोणीतरी मोबाईलवर चित्रीकरण करत होतं. तो व्हिडिओ देशभर फिरला, पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

तो व्हिडिओ आम्ही इथे दाखवणार नाही. त्या मुलाने तो पुन्हा कुठे पाहू नये.

त्या पिटबुलबद्दलही दोन शब्द बोललेच पाहिजेत. माणसावर सोडला गेलेला कुत्रा घरात सुखाने वाढलेला नसतो. आणि बंदीच्या बातम्या आल्या की अशाच कुत्र्यांना रात्री गाडीतून नेऊन हमरस्त्यावर सोडणारे मालकही निघतात. उपाशी मरेल अशा जागी प्राणी टाकून देणं हाही 1960 च्या कायद्याखाली गुन्हा आहे.

(दृश्य: माळरान. मेंढरांचा वाडा. धुराची रेघ.)

धनगरांच्या वाड्यावर कधी गेलात का? त्यांची कुत्री लांडग्याला भिडणारी. काहींच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, लांडग्या-बिबट्याच्या दातांपासून मान वाचावी म्हणून. शहरातल्या कोणत्याही रॉटवायलरइतकीच ती दणकट. पण वाड्याकडे अनोळखी माणूस येताना दिसला की धनगर लांबूनच ओरडतो, थांबा तिथंच, कुत्री हायती. आधी तो स्वतः पुढे येतो, कुत्र्याला हाक मारतो, त्याच्या मानेवर हात ठेवतो. मगच पाहुण्याला म्हणतो, या आता. ‘काही करत नाही तो’ असं तो कधी म्हणत नाही, कारण त्याचा कुत्रा करतो. तेवढ्यासाठीच तर त्याला पाळलेलं असतं.

आपल्याला सोसायटीत याहून फार वेगळं काही करायचं नाही. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांचा परवाना काढायचा, त्यासाठी रेबीजची लस दरवर्षी द्यायची. पट्टा आखूड आणि आपल्या हातात. कुत्रा थोराड आणि तापट असेल तर बाहेर नेताना तोंडाला जाळी, आणि ती घरातच, खाऊ देत देत, सवयीची केलेली. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही, त्याला लिफ्टमधून नेण्यास मनाई करता येत नाही. हा हक्क योग्यच आहे. पण लिफ्टमध्ये आधीपासून असलेल्या माणसाचाही तिथे हक्क आहे.

(दृश्य: पुन्हा एक लिफ्ट. दुसरी इमारत. सकाळ.)

दार उघडतं. आत एक आजी, शाळेच्या गणवेशातली नात. बाहेर एक बाई आणि त्यांचा काळा लॅब्रॅडॉर. नात आजीच्या पदराआड सरकते. बाई एक पाऊल मागे घेतात, पट्टा गुंडाळतात, कुत्र्याला खाली बसवतात.

“तुम्ही जा, आजी. आम्ही पुढच्या लिफ्टने येतो.”

दार बंद होताना नात पदराआडून डोकावते आणि विचारते,

“त्याचं नाव काय?”