कातडे कमावणाऱ्याचा कोपरा

श्रोतेहो, नमस्कार.

डब्लिनहून आगगाडीने पश्चिमेकडे निघालात, की तासाभरात पोर्टार्लिंग्टन लागते. स्टेशनच्या पाटीवर गावाची दोन नावे आहेत. इंग्रजी नाव सतराव्या शतकातल्या एका इंग्रज सरदाराच्या पदवीवरून पडले. आयरिश नाव ‘कूल अन तूदरे’, म्हणजे कातडे कमावणाऱ्याचा कोपरा. जवळूनच बॅरो नदी वाहते, आणि या धंद्याला पाणी लागतेच. तो कारागीर कोण होता कुणास ठाऊक, पण सरदाराच्या शेजारी त्याचा धंदा गावाच्या नावात टिकला, याचे मला फार अप्रूप वाटते.

काम चिकाटीचे. चुन्याच्या पाण्यात कातडे भिजवून केस सोडवायचे, आतले मांस खरवडायचे, मग ओकच्या कुटलेल्या सालीच्या पाण्यात मुरवत ठेवायचे, एका हौदातून दुसऱ्यात, दर वेळी अधिक कडक पाण्यात. साल वसंतात काढायची, कारण झाडात रस चढला की ती सहज सुटते. बुटाच्या तळव्याचे जाड कातडे तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष जाई. कोल्हापुरी चपलेसाठी आपले ढोर कारागीर बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावत आले, त्याच जातीची ही विद्या.

यंत्रांनी ती बुडवली, असे आपण पटकन म्हणतो. पण त्याआधीच ओकची राने तुटली होती. जहाजे, पिपे, लोखंडाच्या भट्ट्या, सगळ्यांनाच ओक हवा होता. झाडे नसलेल्या भागात लोक टॉर्मेंटिल या पिवळ्या रानफुलाची मुळे खणून सालीची गरज भागवत.

दुसरा घाव मला अधिक खोल वाटतो. १६६० च्या दशकात इंग्लंडने आयर्लंडची जिवंत गुरे घेणे बंद केले. मग गुरे तिथेच कापली जात. खारवलेले मांस कॉर्क बंदरातून पिपांमधून बाहेर जाई आणि कातडे मागे राहत. शतकभराने ती बंदी उठली. १८२० च्या दशकात आगबोटी सुरू झाल्या, आणि गुरे आपले कातडे अंगावर घेऊनच समुद्रापार जाऊ लागली. गावातला हौद रिकामा पडायला आणखी काय हवे? पुढे इंग्लंडच्या कारखान्यांतले तयार बूट आले. शतक संपता संपता सालीऐवजी क्रोम धातूच्या क्षारांनी कातडे कमावण्याची रीत आली, आणि वर्षाचे काम काही दिवसांत उरकू लागले.

१९३० च्या दशकात, नव्या आयरिश राज्याने परदेशी मालावर जकात बसवली तेव्हा, वॉटरफर्ड परगण्यातल्या पोर्टलॉ गावी जुन्या कापडगिरणीच्या जागेत कातड्याचा मोठा कारखाना उभा राहिला. १९८० च्या दशकात तोही बंद झाला.

कधी त्या गाडीने गेलात, तर पोर्टार्लिंग्टनला खिडकीतून पाहा, आणि पाटीवरचे आयरिश नाव एकदा मोठ्याने वाचा. नमस्कार.