चित्रं कोणाच्या नावे, आणि कोणत्या कागदावर

मंडळी, आपल्याकडे वारशावर कर नाही. इस्टेट ड्यूटी 1985 मध्येच रद्द झाली. त्यामुळे वडिलांच्या पश्चात भिंतीवरचं चित्रकार गायतोंडे यांचं चित्र मुलाकडे आलं, तर त्यापोटी सरकारला काही द्यावं लागत नाही. हे ऐकून संग्राहक निर्धास्त होतात. पण कर लागतो तो विकताना. 2007 च्या अर्थसंकल्पापासून चित्रं, शिल्पं ही विक्रीवर कर न लागणाऱ्या 'वैयक्तिक वापराच्या वस्तू' राहिली नाहीत. वारसाने चित्र विकलं, की खरेदीची किंमत वडिलांनी मोजलेलीच धरतात. खरेदी 1 एप्रिल 2001 च्या आधीची असेल तर त्या दिवसाचा बाजारभाव धरता येतो. उरलेल्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के, वर अधिभार आणि उपकर. तेव्हा 2001 च्या भावाचं मूल्यांकन तुम्ही हयात असतानाच करून घ्या. चित्र कुठून, कधी, केवढ्याला घेतलं हे तुमच्याइतकं मुलांना ठाऊक नसतं.

आता परदेशातल्या मुलांचं. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं जुनी कलाकृती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखिताला तर पंचाहत्तर वर्षांचीच अट आहे. रवि वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशा नऊ कलावंतांची चित्रं 'कलानिधी' ठरली आहेत, त्यांनाही हीच बंदी. न्यू जर्सीतल्या लेकीला तुम्ही मृत्युपत्राने रवि वर्मा खुशाल द्या. ती मालकीण होईल, चित्र मात्र दादरलाच राहील. मग ते सांभाळणार कोण, विमा कोण भरणार, हे आधी ठरवा. नोंदणीकृत मूर्ती किंवा जुनं चित्र दुसऱ्याच्या हाती गेलं तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. हे बहुतेक जण विसरतात.

नात्याबाहेरच्या कुणाला, समजा एखाद्या शिष्याला, पन्नास हजारांहून मोलाचं चित्र हयातीत भेट दिलंत तर त्याला त्यावर आयकर बसतो. तेच मृत्युपत्राने दिलं तर नाही.

संग्रहालयाचा मार्गही आहे. सरकार, विद्यापीठ, राष्ट्रीय संग्रहालय किंवा अधिसूचित सार्वजनिक संग्रहालय यांना चित्र दिलं, तर कायदा त्याला हस्तांतरच मानत नाही. त्यामुळे भांडवली नफ्यावरच्या, म्हणजे विक्रीतल्या नफ्यावरच्या, कराचा प्रश्नच उरत नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आपला अख्खा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. मुंबईचे जहांगीर निकल्सन पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. त्यांचा संग्रह न्यासाकडे आहे आणि 2011 पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या स्वतंत्र दालनात मांडला जातो. मालकी एकाकडे, भिंत दुसऱ्याची. मला ही रचना फार आवडते. मात्र संग्रहालयाला आधी विचारा. तळघरात जागा नसेल तर तेही नको म्हणतात.

मृत्युपत्रात 'चित्रं तिन्ही मुलांत समान' असं लिहू नका. हुसेन तीन तुकड्यांत कापता येत नाही. प्रत्येक चित्राचा फोटो, माप, चित्रकार, साल आणि घेणाऱ्याचं नाव लिहा. निवड मुलांवरच सोपवायची असेल तर पहिली निवड कोणाची, दुसरी कोणाची, हेही त्यातच लिहून ठेवा.