बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग जड झालंय? आधी किंगपिनचा वॉशर काढून बघा

नमस्कार मंडळी.

हा किंगपिनचा वॉशर बघा. किंगपिन म्हणजे पुढचं चाक डावी-उजवीकडे ज्या उभ्या पिनवर वळतं ती. कॅमेऱ्याच्या जवळ धरतो. इथं नख फिरवलं की अडकतं, चंद्रकोरीसारखी खाच पडलीय. समोरची बाजू मात्र आरशासारखी घासलीय. आणि खाचेत जे काळं दिसतंय ते ग्रीस नाही. ती आमच्या रानातली माती आहे, जुन्या ग्रीसमध्ये मळून दगडासारखी घट्ट झालेली. ट्रॅक्टरच्या पुढच्या भागाचं अर्धं वजन एवढ्याशा चकतीवर फिरत होतं.

आमची द्राक्षबाग तासगाव भागात. दोन ओळींत नऊ फूट. हिशोब केला तर एकरात 4,840 फूट ओळ बसते. दोनशे फुटांची एक ओळ धरा, म्हणजे एकराला 24 वळणं. दोन एकरांच्या एका फवारणीला पन्नासच्या घरात. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस उघडला नाही, तर डाऊनी रोगाच्या भीतीनं रोज पंप जोडावा लागतो, हे बागायतदारांना सांगायला नको. आमच्याकडे ट्रॅक्टर आबा चालवतात. त्या दिवसांत संध्याकाळी त्यांना शर्ट काढताना हात वर नेता येईना. तेव्हा मी स्पॅनर घेऊन खाली बसलो.

लोकांनी सल्ले भरपूर दिले. कुणी म्हणालं स्टिअरिंग बॉक्स गेलाय, बदलून टाका. कुणी म्हणालं पॉवर स्टिअरिंग बसवा. माझं म्हणणं एवढंच, की पैसे घालवायच्या आधी दहा मिनिटांची एक तपासणी करा.

सपाट जागेवर इंजिन बंद करायचं, हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे. पुढच्या फ्रेमखाली जॅक लावून दोन्ही पुढची चाकं जमिनीपासून सुटतील एवढं उचलायचं आणि खाली जाड लाकडी ठोकळे द्यायचे. पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलतो, म्हणून एक्सल आणि फ्रेमच्या मधे दोन्हीकडे पाचरी ठोकायच्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. आता स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा.

हवेतसुद्धा जड लागलं, तर दोष बॉक्समध्ये, कॉलममध्ये, दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडच्या गोळ्यांत किंवा किंगपिनच्या बुशमध्ये, म्हणजे पिन जिच्यात फिरते त्या नळीत. टाय रॉड सोडून एकेक चाक हातानं फिरवलं की कुठं अडतंय ते कळतं. पण हवेत हलकं आणि जमिनीवर टेकवलं की जड, असं असेल तर बॉक्सला हात लावू नका. वजन आलं की जे अडतं, ते वजन ज्याच्यावर बसतं तिथंच असणार. एक टायर, दुसरा हा वॉशर. टायरची हवा कंपनीच्या पुस्तकात दिली आहे तेवढी भरा, टो-इन (चाकं पुढून किंचित आत वळलेली असतात ते माप) बघून घ्या. ते आधी.

आमचं हवेत हलकं होतं.

आता वॉशरपाशी काय होतं ते समजून घेऊ. साधारण 800 किलोचा छोटा ट्रॅक्टर धरा. त्यातलं पुढच्या एक्सलवर 300 किलोच्या आसपास येतं, म्हणजे एका बाजूला दीडशे. वरचा एक्सल वॉशरवर टेकलेला, वॉशर खालच्या स्पिंडलच्या, म्हणजे किंगपिन आणि चाकाचा दांडा असलेल्या तुकड्याच्या, खांद्यावर. स्टिअरिंग फिरवलं की दीडशे किलोखाली लोखंडावर लोखंड घासतं. कोरडं, गंजलेलं लोखंड असेल तर दीडशे किलो सरकवायला पंचेचाळीस-पन्नास किलोचा जोर लागतो. तिथंच सुईचं थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे वरून येणारं वजन बारीक रोलरवर पेलणारी चकती, बसवलं तर घासणं जाऊन लोळणं येतं आणि हाच जोर एक किलोच्याही खाली उतरतो.

पण यातली खरी गोष्ट सांगतो, म्हणजे नंतर कुणी फसवलं असं म्हणायला नको. वॉशरचा जोर पिनच्या अगदी जवळ लागतो, मधापासून जेमतेम 17 मिमीवर. उभ्या ट्रॅक्टरचं चाक जागेवर वळवताना टायर जमिनीवर जो रगडतो, तो भार यापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे बेअरिंग बसवून ट्रॅक्टर उभा ठेवून स्टिअरिंग फिरवलंत, तर म्हणाल काय फरक पडला? थोडाच पडतो. चाक चालतं असताना टायरचं रगडणं एकदम कमी होतं आणि मग उरतो तो वॉशरचा जोर. फरक तिथं कळतो. ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर नेहमी चालतच वळतो ना! जागेवर स्टिअरिंग पिळायची सवय असेल तर तीही सोडा, त्यानं टाय रॉड आणि बॉक्स दोन्ही लवकर जातात.

बेअरिंग कुठलं? आमची पिन 25 मिमीची. तुमची व्हर्नियरनं मोजा, अंदाजानं जाऊ नका. 25 च्या पिनला दोन पर्याय आहेत. एक छर्ऱ्याचं, नंबर 51105: आतून 25, बाहेरून 42, उंची 11 मिमी. दुसरं सुईचं, नंबर एएक्सके 2542: तेवढंच आतून-बाहेरून, पण जाडी फक्त 2 मिमी. वर-खाली एकेक मिमीचे कडक वॉशर धरून 4 मिमी. आमचा जुना वॉशर 3 मिमीचा होता. म्हणजे सुईचं बसवलं तर उंची फक्त 1 मिमी वाढते, छर्ऱ्याचं बसवलं तर 8. आठ मिमीनं स्पिंडल खाली गेली तर पिन वळवणारा वरचा आर्म पिनवर पूर्ण बसत नाही. तसं करूच नका, आर्म सुटला तर स्टिअरिंगच हातातून गेलं.

मी सुईचंच घेतलं, त्याला आणखी एक कारण आहे. किंगपिन गरगर फिरत नाही, थोडी इकडे आणि थोडी तिकडे एवढीच हलते. छर्रे एकाच जागी बसून दणके खातात आणि खालच्या पट्टीत खड्डे पाडतात. सुई लांबीभर टेकते, त्यामुळे दणका पसरतो.

ज्यांच्या ट्रॅक्टरला कंपनीनंच थ्रस्ट बेअरिंग दिलंय त्यांनी तेच नवीन घालावं. आणि फोर व्हील ड्राइव्हवाल्यांनी इथंच थांबावं. त्यांच्या पुढच्या चाकात गिअर असतात, रचना वेगळी, हे काम तिथं चालत नाही.

खोलताना वरच्या आर्मवर आणि पिनच्या डोक्यावर पंचनं एकेक टिंब मारून ठेवा. परत जोडताना टिंबासमोर टिंब आलं पाहिजे. स्पिंडल खाली ओढली की बुश बघा. पिन आत हलवून खडखडत असेल तर आधी बुश बदला, रीमर मारून घ्या. ढिल्या बुशमध्ये पिन तिरकी बसते, मग वजन बेअरिंगच्या एकाच कडेवर येतं आणि नवीन बेअरिंग हंगामभरही टिकत नाही. एक्सलची वॉशरवर टेकणारी खालची बाजूही सपाट हवी. आमची खाल्लेली होती, लेथवर नेऊन हलका कट मारून घेतला. एक मिमीचा वॉशर पातळ असतो, खड्ड्यावर ठेवला तर वाकतो.

चिखल ही सगळ्यात मोठी अडचण. सुईचं बेअरिंग उघडं असतं, त्याला स्वतःचं सील नसतं. मी जुन्या ट्यूबचा एक पट्टा कापला, बेअरिंगभोवती बाहेरून ताणून बसवला. साधी गोष्ट आहे, पण काळ्या रानात ती नसेल तर बाकी सगळी मेहनत वाया.

ग्रीसचं आता नीट ऐका, कारण आमचा जुना वॉशर यामुळेच गेला. चाक जमिनीवर टेकलेलं असताना निपलला गन लावली की ग्रीस बुशमधून वर येतं आणि आपण समजतो झालं. पण खाली दीडशे किलोनं दाबलेल्या फटीत ते शिरतच नाही. चाक उचला, फट मोकळी होऊ द्या, मग गन मारा. पट्ट्याच्या कडेनं आधी काळं, मग स्वच्छ ग्रीस बाहेर आलं की थांबा. चाक टेकवा. फवारणीच्या दिवसांत आम्ही हे दर आठवड्याला करतो.

अमेरिकेतून बरेच जण विचारतात, म्हणून थोडक्यात. तुमच्या गवत कापायच्या ट्रॅक्टरला बहुतेक वेळा पाऊण इंचाची स्पिंडल असते आणि पुढची चाकं प्लॅस्टिकच्या किंवा दाबलेल्या धातूच्या पावडरच्या बुशवर फिरतात. तिथं चाकात कॉलरवालं बॉल बेअरिंग आणि वर एक्सलखाली सुईचं थ्रस्ट, अशी दोन कामं करता येतात. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिमी. भारतातून 20 मिमीचं बेअरिंग नेलंत तर ते ढिलं बसणार, इंचाच्या मापाचंच घ्या.

पुढच्या हबच्या टेपर बेअरिंगचा खेळही याच वेळी काढून घ्या. नट आवळत चाक फिरवायचं, जड झालं की पहिल्या खाचेपर्यंत मागं यायचं आणि कॉटर पिन नवीन घालायची. जुनी सरळ करून परत घालू नका.

दहा तास काम झाल्यावर वरच्या आर्मचा बोल्ट पुन्हा आवळून बघा. बेअरिंग बसतं तसं थोडं ढिलं पडतं, आमचं पाव वळसा आवळलं गेलं.

आता तुम्हाला आबांची एक ओळ दाखवतो. टोकाला वळताना स्टिअरिंगकडे लक्ष ठेवा. वळून ओळीत शिरले की आबा पकड सैल करतात, आणि चाक आपणहून सरळ व्हायला लागतं. आधी ते होत नव्हतं, वॉशर धरून ठेवायचा. वळवायला एकदा जोर आणि सरळ करायला पुन्हा तेवढाच. पन्नास वळणांना शंभर वेळा. बघा, तो हात बघा.