वीस खोल्यांची गोधडी

(दृश्य : दुपार. चाळीचा मधला पॅसेज. फरशीवर पसरलेली गोधडी, चार बाजूंनी चार बायका.)

दुपारचे अडीच. मुंबईतल्या डिलाईल रोडची बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळ, दुसरा मजला. पॅसेजच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. मधल्या या पट्ट्यात ऊन पोचत नाही, म्हणून भरदिवसा ट्यूबलाइट चालू आहे. खोली १६० चौरस फुटांची. पलंग, कपाट आणि फ्रीज लावल्यावर सहा-साडेसहा फुटांची गोधडी अंथरायला जागा उरते कुठे? त्यामुळे इथल्या गोधड्या पॅसेजमध्येच शिवल्या गेल्या. माझ्या अंगाखालचं पहिलं दुपटंसुद्धा.

आजची गोधडी अठरा नंबरच्या काकूंची आहे. त्यांना मात्र हे ठाऊक नाही. काकू रोज या वेळी नातवाला शाळेतून आणायला जातात. त्या जिना उतरल्या की अकरा नंबरच्या आजींच्या खोलीतून गोधडी बाहेर येते, आणि खाली नातवाचा आवाज ऐकू आला की आत जाते.

शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या दशकात, सरकारने कामगारांसाठी या चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या. आता पुनर्विकास आलाय. मोठी घरं मिळणार, त्याचा आनंद आहेच. पण तोवर जो तो वेगवेगळ्या दिशेला पांगणार. आमच्या मजल्यावर काकूंचा नंबर आधी लागला. येत्या रविवारी त्यांचा टेम्पो येणार.

मुंबईत थंडी ती किती, मग गोधडी कशाला, असं बाहेरचे विचारतात. आमच्याकडे गोधडी पांघरायची कमी आणि अंथरायची जास्त. एका खोलीत आठ-दहा माणसं. गिरणीच्या पाळ्या बदलायच्या, पाळीवरून आलेला माणूस उठून गेलेल्याच्या जागी आडवा व्हायचा. गादी परवडायची नाही आणि ठेवायला जागाही नव्हती. गोधडीची वळकटी करून कोपऱ्यात उभी केली की झालं.

(दृश्य : जवळून. काडी पेटते, कापडाचा एक दोरा जळतो.)

आई सध्या कापडाची परीक्षा घेते आहे. कडेचा एक दोरा ओढायचा आणि जाळायचा. सुती असेल तर कागदासारखा जळतो, मागे मऊ राख उरते. पॉलिस्टर असेल तर वितळतं आणि टोकाला कडक मणी बनतो. मण्याचं कापड बाजूला. ते घाम टिपत नाही, टाक्याखाली निसटतं, आणि गोधडी एका धुण्यात कुरूप होते. पूर्वी ही परीक्षा लागत नसे. साड्या, धोतरं, सदरे, सगळं सुतीच होतं. आता वीस घरांत मिळून सुती साड्या जेमतेम सात निघाल्या. हे मोजताना मला वाईट वाटलं.

वरच्या बाजूला प्रत्येक खोलीचं एक ठिगळ. तीन नंबरचा शाळेचा शर्ट, नऊ नंबरच्या आजोबांचं धोतर, पंधरा नंबरच्या वहिनींच्या बारशाच्या साडीचा पदर. खाकी पँटचा एक तुकडा आला, तो इतका जाड की सुई मोडली. मग आईने दाभणाने भोकं पाडून तो कोपऱ्याला लावला. ओढाताण कोपऱ्यालाच सोसावी लागते ना.

चार नंबरच्या नव्या सुनेने दुकानातून कोरा तुकडा आणला होता. छान, फुलाफुलांचा. आईने तो हातात घेऊन परत दिला. म्हणाली, "अगं, नवं नको. तुझं वापरलेलं दे."

मुलगी गोंधळली. आपल्यात वापरलेलं कुणाला दिलं तर समोरच्याचा अपमान होतो. लग्नात, ओटीत, दिवाळीत सगळं कोरं लागतं. गोधडीत मात्र कोरं चालत नाही. तिथे अंगावर झिजलेलंच द्यायचं. तान्ह्या बाळालाही आधी जुन्याचंच दुपटं. नव्या कापडाची खळ त्या कातडीला टोचते, शंभरदा धुतलेलं कापड टोचत नाही. हे आईने सांगितलं तेव्हा त्या मुलीने माहेरून आणलेली चादर उसवली.

गाडगेबाबा अंगावर चिंध्यांची गोधडी वागवत, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलात उपचार घेणारी गावाकडची माणसं तिथे उतरतात. मागच्या वर्षी आईने तिथल्या एका लहान मुलीसाठी दुपटं नेलं होतं. मुलीच्या आईने ते आधी नाकाशी धरलं, मग बोटांनी काठ चाचपला आणि विचारलं, "कुणाचं लुगडं हो हे?" बाकी काही नाही. आईने सांगितलं, आणि मग दोघी तासभर बोलत बसल्या.

(दृश्य : हात. अंगठ्याने चाचपून सुई पुढे जाते.)

कडेपासून धावदोरा सुरू होतो. चारी बाजूंनी फिरत, एका बोटाच्या अंतराने, आत आत जायचं, मध्यापर्यंत. साधारण सहा बाय चारच्या गोधडीत अशी सगळी शिवण एका रेषेत मांडली तर पावणेचारशे फुटांच्या वर भरते. इंचाला तीन टाके धरले तरी चौदा हजारांच्या आसपास टाके. म्हणून चार बाजूंना चौघी. सगळ्यांचा टाका सारखा येत नाही. आजींचा लांब, आईचा बारीक. चौथ्या दिवशी मधोमध फुगा उठला. आईने दोन फेऱ्या उसवल्या, थर हाताने सपाट केले आणि पुन्हा शिवल्या. कुणी कुरकुरलं नाही.

ठिगळांच्या खाली आहे एक नऊवारी. नऊ वार म्हणजे २७ फूट. चौपदरी केली की पावणेसात फुटांची, चार थरांची गोधडी आपोआप तयार. ही नऊवारी अकरा नंबरच्या आजींच्या पेटीतली. काकूंच्या सासूबाईंनी (काकू त्यांना आत्याबाई म्हणत) ती आजींना दिली होती, "गोधडीला होईल" म्हणून. आजींनी कधी कापली नाही.

(दृश्य : रविवार सकाळ. खाली टेम्पो. रिकामी खोली.)

कपाट गेलं. पलंग गेला. सगळ्यांनी मिळून गोधडी काकूंच्या हातात ठेवली. काकू खाली फरशीवर बसल्या आणि एकेका ठिगळावर बोट ठेवत नावं घेऊ लागल्या. एकोणीस ओळखली. खाकी कुणाची, हे नातवाने सांगितलं.

मग त्यांनी गोधडी उलटी केली. काठ पाहिला. बराच वेळ बोट तिथेच राहिलं.

"आत्याबाईंचं," एवढंच म्हणाल्या.

आजी दारात उभ्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली.

टेम्पोवाल्याने हाक मारली. गाठोडी, डबे, देवघर सगळं मागे चढलं होतं. पोराने गोधडीही मागे टाकायला हात पुढे केला. काकूंनी ती दिली नाही. ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि घडी मांडीवर घेतली.