अर्धा त्यांचा, अर्धा आपला

(दृश्य: वाई, गणपती घाट. सकाळचं कोवळं ऊन. घाटाच्या पायरीवर एका पोरानं सदऱ्याची बाही डोळ्याला लावली आहे.)

सदरा अंगातून काढायचा. एक बाही दोन्ही हातांनी ताणून तिची नळी करायची आणि त्या नळीतून गावाकडं बघायचं. एवढा मोठा घाट रुपयाएवढ्या गोलात मावतो. त्या गोलात ढोल्या गणपतीचं देऊळ येतं, कृष्णेचं पाणी येतं, बाही जरा वर उचलली की पांडवगडाचा माथा येतो.

युरोपातल्या बाल्कन प्रदेशात, सर्बियात, कोसोव्होत एक माणूस अशीच बाही डोळ्याला लावून गावात हिंडायचा आणि सांगायचा, तुम्हाला न दिसणारा तो आता कुठं उभा आहे. त्याला धाम्पीर म्हणत.

धाम्पीर म्हणजे रक्तपिशाचाचा मुलगा. बाप मेलेला, आई जिवंत माणूस. तिकडची समजूत अशी, की पिशाच झालेला नवरा रात्री थडग्यातून उठून आपल्याच बायकोकडं येतो. त्यातून मूल झालं, तर त्याला बापाच्या जातीची नजर मिळते. इतरांना न दिसणारं पिशाच त्याला दिसतं, आणि त्याला मारायची ताकदही त्याच्याच अंगात असते. पुढं हा गुण त्याच्या मुलाला जातो, म्हणजे काम घराण्याचं होतं.

मला या सगळ्यात आधी ती बाई दिसते. नवरा जाऊन वर्ष उलटलेलं आणि मांडीवर तान्हं पोर. गावानं तिला काय काय ऐकवलं असेल, ते आपल्याकडच्या कुठल्याही बाईला सांगावं लागणार नाही. या एका समजुतीनं तिच्या पोराला बाप मिळाला. मोठेपणी पोटापाण्याचा धंदाही मिळाला.

गावात रोगराई आली, गुरं मरायला लागली, की धाम्पीरला बोलावणं जायचं. सगळं गाव गोळा व्हायचं. आल्या आल्या तो म्हणायचा, घाण वास येतोय. मग शीळ घालायचा. मग बाहीतून चहूकडं बघायचा, आणि एकदम मोकळ्या हवेशी झोंबाझोंबी सुरू करायचा. पडायचा, उठायचा. शेवटी बंदुकीचा बार काढायचा आणि सांगायचा, गेला. मग बिदागी घ्यायची. पैसे, कपड्यांचा जोड, कधी एखादं जनावर.

(दृश्य: जुन्या नकाशावर बाल्कन प्रदेश. सावकाश जवळ जात.)

पण हा खेळ नेहमी हवेशी झोंबण्यावर थांबत नव्हता. सर्बियातल्या किसिल्येवो गावात १७२५ साली आणि मेद्वेजा गावात १७३२ साली थडगी उकरली गेली. तेव्हा तिथं राज्य असलेल्या ऑस्ट्रियाचे सरकारी लोक आणि लष्करी डॉक्टर समोर हजर होते, त्यांनी तसे अहवाल लिहिले. प्रेत फुगलेलं, ओठांवर रक्तासारखं काही, नखं वाढल्यासारखी. आज आपल्याला ठाऊक आहे, की प्रेत कुजताना आत वायू धरतो, पोट फुगतं, आणि त्या दाबानं काळपट लाल द्रव तोंडातून बाहेर येतो. कातडी आक्रसते, म्हणून नखं लांब दिसतात. तेव्हा लोकांनी त्याच प्रेतांना कुठं अणकुचीदार खुंट ठोकले, कुठं त्यांची मुंडकी उडवली, आणि ती जाळून टाकली.

आपल्याकडं बहुतेकांचं दहन होतं. म्हणून असेल, आपला मुंजा पिंपळावर बसतो, हडळ उलट्या पावलांनी चालते, पण त्यांचं प्रेत उकरून बघायला कोणी जात नाही. बघायला काही उरलेलंच नसतं.

ऑस्ट्रियाच्या राज्यात थडगी उकरण्याला आळा बसला तो एका डॉक्टरमुळं. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिचा राजवैद्य, खेरार्ट फान स्वीटेन. १७५५ साली त्यानं ही प्रकरणं तपासली, यात पिशाच वगैरे काही नाही असं लिहून दिलं, आणि सम्राज्ञीनं प्रेतं उकरायला बंदी घातली.

आणि हे चित्रीकरण सातारा जिल्ह्यात चाललेलं असताना दुसऱ्या एका डॉक्टरचं नाव न घेता पुढं जाणं मला जमणार नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. भुताखेताच्या नावानं जिवंत माणसाचे हाल होऊ नयेत म्हणून त्यांनी आयुष्य वेचलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते झगडत होते, तो त्याच वर्षी आला. भुताची गोष्ट मला जिवापाड आवडते, आणि ती गोष्टच राहावी म्हणून कोणी काय मोजलंय, हे या मातीत विसरता येत नाही.

(दृश्य: जुनी कॉमिक्स, व्हिडिओ गेमचा पडदा.)

तर आता गोष्टीकडं. १८९७ च्या ड्रॅक्युला कादंबरीत शिकार करणारा व्हॅन हेल्सिंग हा संपूर्ण माणूस. शिकलेला, ॲमस्टरडॅमहून बोलावलेला प्राध्यापक. शत्रू थडग्यात, आपण घरात, मधली भिंत पक्की. धाम्पीर गोष्टीत जोमानं परतला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९७३ साली कॉमिकमध्ये ब्लेड आला. बाळंतपणातच त्याच्या आईला रक्तपिशाच चावतो. मूळ कॉमिकात तो माणूसच होता, फक्त त्या दंशाला दाद न देणारा. १९९८ च्या सिनेमानं त्याला अर्धा केला. उन्हात फिरू शकणारा, पण रक्ताची तहान लागलेला, आणि ती तहान मारायला औषध टोचून घेणारा. १९८९ च्या कॅसलव्हेनिया गेममध्ये ड्रॅक्युलाचा मुलगा अलुकार्ड बापाच्या विरोधात शिकाऱ्याच्या बाजूनं उभा राहतो. ड्रॅक्युला हे नाव रोमन लिपीत उलटं वाचा, त्याचं नाव मिळतं.

माझा सगळ्यांत लाडका मात्र जपानचा डी. हिदेयुकी किकुची यांनी १९८३ पासून लिहिलेल्या या कादंबऱ्या इसवी सन १२०९० मध्ये घडतात. डी घोड्यावरून एकटा येतो. त्याच्या डाव्या तळहातात एक तोंड आहे, ते त्याच्याशी बोलतं, कधी त्याला टोमणे मारतं. त्याच्याशी सलगीनं बोलणारं तेवढंच. ज्या माणसांसाठी तो लढतो, ती त्याला पाहून दारं लावून घेतात. काम झालं की तो घोडा वळवतो.

(दृश्य: पांडवगड. ढगांची सावली उतारावरून सरकते.)

डीची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हा माणूस ओळखीचा वाटला. कुठला, ते इथं वाईत लक्षात आलं. इथले लोक वाईला विराटनगरी मानतात. पांडवांनी अज्ञातवास इथं काढला, असं समोरच्या पांडवगडाकडं बोट दाखवून सांगतात. त्याच पांडवांच्या घरात एक अर्धा होता. भीम आणि हिडिंबा यांचा मुलगा, घटोत्कच.

मुलगा होईपर्यंतच भीम हिडिंबेजवळ राहिला. घटोत्कच जन्मताच मोठा झाला, आणि जाताना पांडवांना सांगून गेला, आठवण काढा, मी येईन. तसा तो आला. वनवासात द्रौपदी चालून चालून कोसळली, तेव्हा त्यानं तिला उचलून डोंगर पार केले. युद्धाच्या चौदाव्या दिवशी लढाई रात्रीही चालू राहिली. राक्षसांचं बळ रात्री वाढतं, म्हणून कृष्णानं त्यालाच कर्णावर पाठवलं. कौरवांकडून अलायुध नावाचा राक्षस आला, त्याला घटोत्कचानं मारलं. राक्षसाला राक्षसिणीचा पोर पुरा पडला. शेवटी कर्णानं अर्जुनासाठी राखून ठेवलेली इंद्राची शक्ती त्याच्यावर सोडली.

पांडव रडत होते आणि कृष्ण आनंदानं नाचत होता, असं द्रोणपर्वात आहे. अर्जुन वाचला होता. पुढं कृष्ण असंही म्हणतो, की कर्णानं याला मारलं नसतं, तर एक दिवस मलाच मारावं लागलं असतं. हा यज्ञांचा आणि ब्राह्मणांचा द्वेष्टा होता.

मरताना घटोत्कचानं आपलं शरीर डोंगराएवढं वाढवलं. आणि पडताना तो कौरवांच्या सैन्यावर पडला.

(दृश्य: गड तसाच. ढगाची सावली पायथ्याला पोचली आहे.)